पहिला घाणा

मराठी भाषेत ‘तोंडी लावणे’ असा एक मोठा विनयशील शब्दप्रयोग आहे. पोळी पोटभर खायची असते, भात जेवायचा असतो, पक्वान्नाचा तर आग्रह व्हायचा असतो. परंतु चटणी, कोशिंबीर, पापड, लोणचे ही मंडळी केवळ तोंडी लावायची. त्यांनी पोट भरावे अशी कोणाची अपेक्षा नसते, आणि त्यांच्या नावाने कोणी कोणाला जेवायला बोलावीतही नाही. ‘श्रीखंडपुरीला या’, ‘पुरणपोळी आहे, मुलांना घेऊन या’ अशी आमंत्रणे मला पुष्कळ आली. ‘आज आमच्याकडे बटाट्याच्या काचऱ्या आहेत, अवश्य येणे करावे’ असे आमंत्रण पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात एकदाही आले नाही. आणि तरीसुद्धा परीक्षेच्या कामासाठी परगावी जाऊन चार दिवस उपाहारगृहातील जेवण जेवल्यावर पाचव्या दिवशी मन ज्या पदार्थाकडे धाव घेते तो श्रीखंड खास नसतो. डोळ्यांपुढे येतो तो वाफाळलेला आमटी-भात आणि ताटाच्या कडेला पिवळ्या-तांबूस, कडेने करपत आलेल्या काचऱ्यांचा लहानसा ढीग.

काचऱ्या कोणाला ठाऊक नाहीत? तरी काप आणि काचऱ्या यांत घोटाळा करणारे सद्गृहस्थ भेटतात, म्हणून सांगितलेले बरे. कोकणात आणि गोव्यात बटाट्याच्या गोल चकत्यांना तिखट-मीठ लावून, तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तव्यावर परततात, ते काप. काचऱ्यांना असे अंगरखे लागत नाहीत. बटाट्याच्या पातळ फोडी, हिंग-मोहरी-हळदीची फोडणी, शेवटी तिखट आणि मीठ, एवढाच त्यांचा संसार. कांदा घालणारे लोक आहेत; त्यांच्याशी माझे भांडण नाही, पण कांद्याचे पाणी सुटते आणि मग कुरकुरीतपणाची आशा सोडावी लागते.

इतक्या घरगुती वाटणाऱ्या या पदार्थाची वंशावळ पाहू गेले तर मोठी गंमत होते. बटाट्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारांवर. तेथून स्पॅनिश लोकांनी तो सोळाव्या शतकात युरोपात नेला. आपल्याकडे ‘बटाटा’ हे नाव पोर्तुगीजांच्या तोंडून आले. आणि त्यांच्याही भाषेत ते आले कॅरिबियन बेटांवरील लोकांच्या बोलीतून, जेथे तो शब्द मुळात रताळ्याला लावीत असत. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरी इंग्रजांनी चिनी कैद्यांकडून भाजीपाल्याचे मळे करविले, त्यांत बटाटाही होता. त्याच्यावर पडणारे तिखट ज्या मिरचीचे, ती अमेरिकेची. ज्या शेंगदाण्याच्या तेलात तो परततात तो शेंगदाणाही तिकडचाच. आणि हिंग अफगाणिस्तानातून येतो. एकादशीच्या ताटाची अवस्था तर याहून विलक्षण आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, हे पाचही अमेरिकेचे रहिवासी आपल्याकडे येऊन उपासाला चालणारे ठरले, आणि शतकानुशतके येथे पिकणारा गहू मात्र एकादशीला बाहेर उभा राहिला!

म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी आळंदीत काचऱ्या नव्हत्या, आणि शिवनेरीवर जिजाबाईंनी त्या केल्या असतील असे मानायला इतिहासाचा आधार मिळणार नाही. ‘आईच्या हातची चव’ म्हणून आपण जिला सनातन समजतो ती चव थोड्याच पिढ्यांपूर्वी कोणीतरी नव्याने घडविली. महाबळेश्वरी मळे घालणाऱ्यांची आठवण सरकारी दप्तरांत राहिली. परंतु तो परका कंद पहिल्यांदा विळीवर धरून, ‘हा पातळ चिरावा, पाण्यात टाकावा आणि झाकण न ठेवता परतावा’ हे ज्या बाईला सुचले, तिची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. चुलीपुढे शोध लावणाऱ्यांची दप्तरे नसतात.

आणि तो शोध लहान नव्हता. गेली काही वर्षे आठवड्यातून दोनदा तरी मी स्वतः काचऱ्या करतो. पत्नीचे महाविद्यालय सायंकाळचे आहे, आणि ज्याची शिकवणी सकाळी आटोपते त्याने रात्रीचे पाहावे अशी आमची सरळ वाटणी आहे. हा पदार्थ दिसतो तितका भोळा नाही, असा माझा अनुभव आहे.

चार माणसांना अर्धा किलो बटाटे पुरतात. मंडईत तळेगाव, इंदूर, आग्रा अशी नावे ऐकू येतात. नावापेक्षा बटाटा हातात घेऊन पाहावा. अगदी कोवळा, बोटाने साल निघणारा बटाटा पाणचट असतो. शीतगृहात फार दिवस राहिलेल्या बटाट्याची उलटी तऱ्हा. थंडीत त्यातील पिष्टाची साखर होऊ लागते, आणि असा बटाटा तव्यावर पडताच कुरकुरीत होण्याआधी काळा पडतो. मधल्या वयाचा, घट्ट आणि साल किंचित खरखरीत झालेला बटाटा निवडावा. (माणसांच्या बाबतीतही हा नियम लागू पडतो असे म्हणण्याचा मोह माझ्या वयाच्या मनुष्याला होतो.) त्याचे उभे चार भाग करून आडव्या पातळ फोडी कराव्यात, जाडी जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी. सगळ्या फोडी सारख्या हव्यात, नाहीतर पातळ करपतात आणि जाड कच्च्या राहतात. फोडी चिरल्या चिरल्या पाण्यात टाकाव्यात, कारण हवा लागली की त्या काळवंडतात. ते पाणी थोड्या वेळाने दुधासारखे गढूळ दिसते. ते फोडींच्या अंगावरचे पिष्ट होय. दोनदा पाणी बदलून ते धुऊन काढले नाही तर फोडी तव्यावर एकमेकींना चिकटतात. नंतर त्या स्वच्छ पंचावर पसरून कोरड्या कराव्यात. या पायरीला लोक कंटाळतात आणि तेथेच काचऱ्या बिघडतात.

पुढे सारा खेळ पाण्याचा आहे. बटाट्याच्या चार भागांतील तीन भागांहून अधिक तर पाणीच. फोडीच्या अंगात पाणी आहे तोवर तिची उष्णता पाणी उकळण्याच्या मानापलीकडे, म्हणजे शंभर अंशांपलीकडे फारशी जात नाही, आणि त्या उष्णतेला बटाटा शिजतो, तांबूस होत नाही. कडेचे पाणी उडून गेले म्हणजे तेथील उष्णता चढते, दीडशे अंशांच्या आसपास रंग धरू लागतो आणि आपल्याला हवा असलेला तो खमंग वास सुटतो. म्हणून लोखंडी तवा किंवा पसरट कढई घ्यावी. लोखंड एकदा तापले की लवकर निवत नाही. चार मोठे चमचे तेल, त्यात मोहरी तडतडली की हिंग, हळद आणि लगेच फोडी. झाकण ठेवू नये. ठेवल्यास वाफ परत खाली उतरते आणि काचऱ्यांची भाजी होते. मीठ आधी घालू नये. मीठ पाणी ओढून बाहेर काढते. उलथन्याने सारखे ढवळू नये. फोडीला तव्याशी दोन घटका निवांत बसू द्यावे. तिखट आणि मीठ अगदी शेवटी, आच मंद करून. काचऱ्या झाल्या की नाही हे डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळते. प्रथम मोठा चुरचुराट असतो, तो पाण्याचा आक्रोश; मग तो बारीक होत जातो; आणि तो जवळजवळ थांबला म्हणजे समजावे की पाणी गेले, आता उतरवा. १९७० साली निघालेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापे घरोघर पोहोचविली, हे तिचे मोठे उपकार; पण या आवाजाचे माप कोणत्या पुस्तकात द्यावे?

आणखी एक नियम आहे, आणि त्या नियमामुळेच मी हे लिहायला बसलो. तव्यावर गर्दी करू नये. फोडी एकीवर एक पडल्या तर खालच्या फोडीची वाफ वरचीला लागते आणि दोघीही मऊ पडतात. म्हणून अर्धा किलो काचऱ्या एकदम होत नाहीत; तीन घाणे करावे लागतात. आणि तव्यावरून उतरलेल्या काचरीचा कुरकुरीतपणा फार तर दहा मिनिटे टिकतो. मग आतला ओलावा हळूहळू बाहेरच्या कडेत शिरतो आणि तिचा ताठा उतरतो. या दोन गोष्टी एकत्र केल्या म्हणजे एक सामाजिक प्रश्न उपस्थित होतो. पहिला घाणा कोणाचा? आणि शेवटी उरलेले, निवलेले कोणाचे? वरण-भात सर्वांना सारखा वाढता येतो. काचऱ्या सारख्या वाढता येत नाहीत. त्यांच्यात वेळ मिसळलेला असतो, आणि घरात कोणाच्या वेळेला किती मान आहे हे त्या बिनचूक सांगतात.

साताऱ्याच्या आमच्या घरात ही व्यवस्था अगदी ठरलेली होती. पहिल्या पंगतीला आजोबा, वडील आणि आम्ही चार मुले. पहिला घाणा आजोबा आणि वडील यांच्या पानात जाई, दुसरा आम्हा मुलांत, आणि तेथे काचरी-काचरी मोजून युद्ध होई. माझ्या थोरल्या बहिणीला कडेच्या करपलेल्या काचऱ्या हेरण्याची विलक्षण नजर होती. तिसऱ्या घाण्यातूनही आग्रहाने वाढणे चाले. मग आजी आणि आई बसत. तोपर्यंत स्वयंपाकघरातील उष्टी निघालेली, शेगडीतील निखारे विझत आलेले, आणि पातेल्याच्या तळाशी ज्या काही काचऱ्या राहिल्या असतील त्या थंड होऊन एकमेकींच्या अंगावर टेकलेल्या असत. आजी त्यांतल्या चार आमटीत बुडवी. उरलेल्या आई घेई. कोणी कधी विचारलेच तर ती म्हणे, “मला मऊच बऱ्या वाटतात.” ते वाक्य आम्ही घरातील इतर वस्तूंसारखेच गृहीत धरले होते, वडिलांना चहा कडक लागतो, आजोबांना ताक आंबट चालत नाही, आईला काचऱ्या मऊ आवडतात.

पुढे चार्ल्स लँब शिकविताना मला या वाक्याची अनेकदा आठवण होई. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत तेहतीस वर्षे जमाखर्च लिहिणाऱ्या या निबंधकाराने १८२२ साली भाजलेल्या डुकराच्या पिलावर एक निबंध लिहिला. विषय आपल्या घरांतून उच्चारण्याजोगा नाही खरा, परंतु कुरकुरीतपणाचे इतके मनापासून गुणगान साहित्यात दुर्मिळ आहे. त्याच निबंधात त्याने लहानपणची एक हकीकत दिली आहे. त्याच्या आत्याने भाजलेला केक घेऊन तो शाळेत निघाला होता; वाटेत एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला त्याने तो सगळा देऊन टाकला, आणि पुलापलीकडे पोहोचतो न पोहोचतो तोच त्याला रडू कोसळले. आत्याने तो केक करताना ‘हा माझा पोरगा खाईल’ या विचारातच आपला आनंद घेतला होता, आणि आपण तिचा तो आनंद परस्पर दुसऱ्याला देऊन मोकळे झालो, असे त्याला वाटले. वर्गात हा भाग आला की मुले गंभीर होतात. करणारीचा आनंद खाणाऱ्याच्या तोंडात असतो, हा सिद्धांत आपल्याकडेही सर्वमान्य आहे. आईच्या मऊ काचऱ्यांचा अर्थ मी याच रीतीने लावीत असे. तिने आपला घास आमच्यासाठी सोडला, आणि संकोच वाटू नये म्हणून वर एक गोड निमित्त सांगितले, असा. ही समजूत ऐकायला सुंदर आहे. खाणाऱ्याला तर ती विशेषच सोयीची आहे.

वडील गेल्यापासून आई आमच्याकडे पुण्याला असते. तिचे वय आता ब्याऐंशी आहे. दात राहिलेले नाहीत, आणि कवळी तिने आठ दिवस वापरून डबीत ठेवून दिली ती कायमची. मी स्वयंपाकाला लागलो की ती दाराशी खुर्ची घेऊन बसते आणि तव्याच्या आवाजाकडे कान देते. “अजून आहे हो पाणी,” असे ती तेथूनच सांगते, आणि तिचे बहुधा बरोबर असते. पहिला घाणा उतरला की मी तो तिच्यापुढे ठेवतो. ती एक काचरी जिभेवर धरते आणि ती विरघळेपर्यंत डोळे मिटून बसते. चावता तर येत नाही. म्हणून बाकीच्या मी हाताने चुरतो आणि तिच्या मऊ भातावर घालतो. चुरताना जो आवाज होतो तेवढाच कुरकुरीतपणा तिच्या वाट्याला येतो.

एकदा असाच चुरा करताना मी सहज म्हटले, “तुला तर पहिल्यापासून मऊच आवडतात, त्यामुळे फारसे बिघडले नाही म्हणायचे.”

ती हसली. म्हणाली, “आवडायला खाल्ल्या होत्या कुठे रे?”

मग तिने जे सांगितले ते असे. तिच्या माहेरी बटाटा आणीत तो उपासापुरता, आणि तोही उकडून, जिरे-मिरची घालून करीत. काचऱ्या तिने प्रथम पाहिल्या त्या १९६५ साली लग्न होऊन साताऱ्याला आल्यावर, आणि करायला शिकली ती सासूच्या हाताखाली. आमच्या आजीचे सोवळे कडक होते. देवाला नैवेद्य आणि पुरुषमाणसांची पाने होईपर्यंत स्वयंपाकातले काही तोंडात टाकायचे नाही. मीठदेखील अंदाजाने, चाखून नव्हे. तेव्हा तव्यावरची ताजी काचरी तिने खाण्याचा प्रसंगच नव्हता. तिच्या पानात येत गेल्या त्या काचऱ्या मऊच असत, आणि मऊ असणे हाच त्यांचा धर्म, अशी तिची समजूत होती. १९८१ साली आजी गेली. पुढे वर्ष-दीड वर्षाने एका दुपारी घरात कोणी नसताना तिने स्वतःपुरत्या काचऱ्या केल्या आणि तव्यापाशी उभ्याने एक तोंडात टाकली.

“तेव्हा मला कळलं,” ती म्हणाली, “तुम्ही पोरं एवढी का भांडत होतात ते.”

सोळा-सतरा वर्षे रोज दहा माणसांच्या जिभा ओळखून रांधणाऱ्या बाईने हे वाक्य उच्चारावे! तिच्या स्वरात तक्रार नव्हती. एखादी मौजेची गोष्ट सांगावी तशी ती सांगत होती. परंतु माझी लँबवरील टीपा वाढविण्याची सवय त्या दिवशी थोडी डळमळली. त्याग करायला आधी हक्क लागतो. आपल्या हातून सुटते आहे ती वस्तू काय आहे हे तरी ठाऊक असावे लागते. आईने घास सोडला असे आम्ही मनात गौरवाने म्हणत आलो. खरे पाहता तो तिच्यापर्यंत आलाच नव्हता. ‘मला मऊच बऱ्या वाटतात’ हे वाक्य गोड निमित्त नव्हते, ते अक्षरशः खरे होते. ज्याने एकच चव पाहिली आहे त्याच्या तोंडून ‘आवड’ हा शब्द निघतो तेव्हा त्याचा अर्थ किती धरावा, हा प्रश्न काचऱ्यांपुरता नाही. ‘तिला नोकरीची आवडच नव्हती’, ‘त्यांना प्रवास सोसतच नाही’, ‘आमच्या आत्याला वाचनाचे वेड कधी नव्हते’, अशी कितीतरी वाक्ये प्रत्येक घराच्या बोलण्यात स्थिरावलेली असतात. त्यांतली काही खरोखर आवडीची असतील. काहींच्या मागे न चाखलेला पहिला घाणा असेल.

आईने त्या दुपारी पुढे काय केले हेही मी विचारले. तिने उरलेल्या काचऱ्या झाकून ठेवल्या आणि संध्याकाळी आम्हाला वाढल्या. त्या मऊ पडल्या म्हणून आम्ही कुरकुर केली होती, असे तिला पक्के आठवते. मला आठवत नाही. पण तिची स्मरणशक्ती माझ्याहून चांगली आहे.

अलीकडे आमच्या घरी एक रीत पडली आहे. तिला नियम म्हणणे जड होईल. जो तव्यापाशी उभा असेल त्याने पहिल्या घाण्यातल्या चार काचऱ्या तेथेच, उभ्याने, गरम गरम खायच्या. मग बाकीच्या बाहेर न्यायच्या. माझा मुलगा रविवारी काचऱ्या करतो तेव्हा तो या रीतीचा अर्थ जरा सढळ हाताने लावतो आणि चाराच्या चौदा करतो. पत्नीला प्रथम हे मुळीच जमेना. पानावर माणसे बसलेली असताना आपण आधी खायचे म्हणजे तिला चोरी केल्यासारखे वाटे. शिकलेली, कमावती बाई, पण हात तव्याकडे जाऊन परत येई. आता सवय झाली आहे. आणि आई खुर्चीत बसल्या जागेवरून प्रत्येकाला विचारते, “खाल्लीस का आधी?” हो म्हटल्याशिवाय ती ताट पुढे ओढीत नाही.

वाचकांच्या घरी आज-उद्या काचऱ्या होणार असतील तर माझी एक सूचना आहे. चुरचुराट बारीक झाला की पाटावरून किंवा टेबलावरून उठावे, आत जावे, आणि जी कोणी व्यक्ती तव्यापुढे असेल तिच्या हातातील उलथने दहा मिनिटे आपण घ्यावे. दुसरा घाणा थोडा करपेल. करपू द्यावा, कडेच्या करपलेल्या काचऱ्या हेरणारे कोणीतरी प्रत्येक घरात असतेच.